उभा केलेला पाठिंबा

सरांना कुणाकडे काही मागायची सवय नव्हती. जेवताना मीठसुद्धा ते बायकोकडे मागत नसत. नुसते बरणीकडे बघत बसायचे आणि तिने ती पुढे सरकवली की वर "राहू दे, चाललं असतं" म्हणायचे. अशा माणसावर साठीच्या तोंडाशी 'मला पाठिंबा द्या हो' म्हणत लोकांचे उंबरठे झिजवायची पाळी आली, तर त्याला दैव म्हणायचं की खोड जिरली म्हणायचं, हे तुम्हीच ठरवा. बायकोने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

सरांचा वर्ग रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. संध्याकाळी सातचा, इंग्रजी संभाषणाचा. दिवसभर काम करून आलेली मोठी माणसं तिथे हाताला फळी असलेल्या खुर्च्यांवर अंग चोरून बसत आणि खालून टर्पेंटाइनचा वास वर येई. फळा पांढरा होता, पण इतक्या वर्षांच्या पुसापुशीने त्यावर कायमची निळसर साय धरली होती. कुणाला नोकरीत बढती हवी असायची, कुणाला परदेशी असलेल्या सुनेशी दोन शब्द बोलायचे असायचे, कुणाला नुसतं घरी बसवत नसायचं. सर कुणालाही विचारत नसत की बाबा तू का आलास. आलास ना, मग उभा राहा आणि बोल.

आणि माणूस उभा राहून बोलायला लागला की सरांचं बोट काम सुरू करायचं.

उजव्या हाताची तर्जनी. बोलणाऱ्याची चूक झाली रे झाली की ती वर जायची. बोट वर गेलं की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं आणि मुकाट्याने खाली बसायचं, मग पुढच्याने उभं राहायचं, असा त्या वर्गाचा नियम होता. रागावणं नाही, ओरडणं नाही, नुसतं बोट. चूक उभी ठेवली की मूळ धरते, असं सरांचं म्हणणं. लोकांनाही त्याची इतकी सवय झाली होती की बोट पुरतं वर जायच्या आत त्यांचे गुडघे वाकायचे. कुणी मनाला लावून घेत नसे. पण एकोणीस वर्षांत त्या खोलीत एक तरी माणूस शेवटपर्यंत बोलला का, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि सरांना तर तो स्वप्नातही पडला नव्हता.

गावभर त्यांना 'बोटसर' म्हणत. सरांना वाटायचं, आदराने म्हणतात.

त्याच खोलीत दुपारची तुकडी घ्यायला वर्ग चालवणाऱ्या मालकीणबाईंनी एक तरणा मास्तर आणला. नवे सर. त्यांचं सगळंच नवं. बूट नवे, हसू नवं आणि शिकवायची तऱ्हा तर अशी नवी की सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माणूस काहीही बोलला की नवे सर टाळी वाजवून म्हणायचे, "सुपर!" एकदा सर लवकर आले आणि जिन्यात थांबून त्यांनी ऐकलं. आत कुणीतरी एका वाक्यात चार चुका केल्या. सरांनी मोजल्या, मोजल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. आणि आतून आवाज आला, "सुपर!" सरांचं बोट जिन्यातच वर झालं. तिथे ते बघायला पायरीवरच्या मांजराशिवाय कोणी नव्हतं, आणि मांजरही बसलेलंच होतं.

मग एका शनिवारी मालकीणबाईंनी सरांना बोलावून घेतलं. बाई तशा गोड बोलणाऱ्या. गोड बोलणाऱ्या माणसाने "बसा ना" म्हटलं की समजावं काहीतरी जाणार आहे.

"सर, खोलीचं भाडं आता मला झेपत नाही," बाई म्हणाल्या. "दोन तुकड्यांची एक करायची म्हणते. शिकवणारा एकच ठेवणार."

"मग मला कळवायला बोलावलंत की विचारायला?" सर म्हणाले.

"छे हो, मी कोण ठरवणारी. शिकणाऱ्यांनाच ठरवू दे. शुक्रवारी दोन्ही तुकड्या एकत्र बोलावते. ज्याला जे सर हवेत त्याने उभं राहून तसं सांगायचं. इंग्रजीतच सांगायचं, इंग्रजीचाच वर्ग आहे ना आपला. नुसते हात वर करण्यात काय अर्थ आहे, हात तर कुणीही वर करतं. जे आपलं म्हणणं पूर्ण सांगतील त्यांचाच कौल मी धरणार." आणि दारापर्यंत पोचवायला येताना हसत म्हणाल्या, "तोवर थोडा सपोर्ट ड्रम अप करा की सर. नवे सर करतायत."

ड्रम अप. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

कारण हा शब्द त्यांचा होता. दरवर्षी एक संपूर्ण संध्याकाळ ते त्यावर घालवत. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत आणि सांगत, "नीट ऐका. स्वतःची टिमकी वाजवणं वेगळं आणि हे वेगळं. दवंडी पिटणं वेगळं, तिथे नुसती बातमी सांगायची असते. ड्रम अप म्हणजे जो पाठिंबा आपल्याला नाही, आपसूक मिळणारही नाही, तो चार दारं हिंडून, गळ घालून, मिनतवारी करून उभा करायचा. दुकानदार गिऱ्हाईक असंच उभं करतो, उमेदवार मतं अशीच उभी करतो. ज्याच्यावर लोकांचा आधीच जीव आहे त्याच्याबद्दल हा शब्द वापरायचा नाही, ती चूक होईल." आणि मग, तास संपता संपता, चष्मा पुसत, "अर्थात ज्याचा माल चोख आहे त्याला हा शब्द नुसता माहीत असला तरी पुरतो." यावर वर्गाने हसायचं असे. वर्ग हसायचा.

आता तोच शब्द बाईंनी त्यांच्या हातात असा ठेवला, जशी बाजाराला निघालेल्या माणसाच्या हातात कुणी पिशवी देतं.

घरी आल्यावर सरांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होती. दिवसभर घाबरलेल्या लोकांना "काही दुखत नाही हो" असं खोटं सांगून खुर्चीत पाठवायचं, हेच तिचं काम, त्यामुळे माणसांचा तिला चांगला अंदाज होता. घर तिच्या पगारावर चालत होतं. म्हणजे पोटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न संध्याकाळचा होता. वर्ग गेला तर रस्त्यात सरांना 'सर' म्हणणारं कोणी उरणार नव्हतं. मग ते कोण? रिसेप्शनवाल्या बाईंचे मिस्टर. ही ओळख त्यांना दवाखान्यात एकदा मिळाली होती आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

"मग जा ना," बायको म्हणाली. "लोकांना भेटा. सांगा, मला वर्ग हवाय."

"मी? लोकांच्या दारात? एकोणीस वर्षं शिकवलं ते काय झक मारली? त्यांना कळत नाही?"

"नाही कळत. न सांगता फक्त मला कळतं, ते पण मिठाचं." तिने भाजी चिरता चिरता सुरी थांबवली. "अहो, अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे तर गाढवंही नाहीत, तुमचीच माणसं आहेत. जा, आधी त्यांची चौकशी करा, घरचं कसं काय विचारा, मग आपलं मागा. आणि एक करा. चुका काढू नका."

"मी कुठे चुका काढतो?"

 बायको त्यांच्या उजव्या हाताकडे बघून पुन्हा भाजी चिरायला लागली.

रविवारी सर पहिल्यांदा न्हाव्याकडे गेले. न्हावी त्यांचा चार वर्षांचा विद्यार्थी. परदेशी जहाजांवर केस कापायची नोकरी मिळते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या जहाजाची वाट बघत तो वर्गात बसत होता. सरांना गरज नसताना ते दाढीला बसले. चौकशी करायची म्हणून म्हणाले, "घरी कसं काय?" असला प्रश्न सरांच्या तोंडून ऐकून न्हाव्याचा वस्तराच थांबला.

"सगळं ठीक ना सर? तब्येत वगैरे?" त्यानेच घाबरून विचारलं.

सरांनी गळ्याला वस्तरा असताना सगळं बोलून टाकलं. डोळे मिटून बोलले, त्यामुळे सोपं गेलं. न्हावी सगळं ऐकून म्हणाला, "एवढंच ना? तुम्ही स्वतः आलात, आता काय राहिलं. मी बोलणार तुमच्यासाठी, बिनधास्त राहा. आमच्या गल्लीतल्या तिघांना पण सांगतो." आणि दाढीवर वरून दोन थेंब वासाचं पाणीही मारलं, जे तो एरवी फक्त नवरदेवांना मारतो.

सर रस्त्यावर आले तेव्हा त्यांना चक्क बरं वाटत होतं. एवढं सोपं असतं होय हे, असं मनाशी म्हणत ते थेट हॉस्पिटलकडे वळले.

हॉस्पिटलात त्यांची विद्यार्थिनी असलेली सिस्टर ड्यूटीवर होती. ती हातातला ट्रे न ठेवताच व्हरांड्यात आली. सरांनी आधी चौकशी केली, मग गळ घातली. सिस्टर जरा घुटमळली. म्हणाली, "खरं सांगू सर? नव्या सरांच्या वर्गात मजा येते म्हणतात. तुमच्या वर्गात मला अजून पोटात गोळा येतो. रात्रपाळीला येत नाही तेवढा."

एरवी सरांनी तिला सुनावलं असतं. पण त्यांच्या कानात बायको बोलत होती. ते म्हणाले, "तुमचं उच्चाराचं अंग फार चांगलं आहे, सिस्टर."

हे धादांत खोटं होतं. पण तिचा चेहरा असा उजळला की सरांना खोट्याची पहिली गोडी तिथेच लागली. "खरंच?" ती म्हणाली. "तुम्ही असं कधी बोलला नाहीत. मग मी उभी राहीन सर. नक्की राहीन."

त्यानंतर सरांना कोण आवरतो? सोमवार, मंगळवार, बुधवार ते हिंडले. बँकेच्या शिपायाला म्हणाले, तुमचं व्याकरण पक्कं आहे. कपड्यांच्या दुकानातल्या दोघींना म्हणाले, तुमच्या आवाजात गोडवा आहे. एकाला तर म्हणाले, तुम्ही नसाल त्या दिवशी वर्गात करमत नाही, आणि पुढच्या वळणावर त्यांना आठवलं की आपल्याला त्याचं नावही ठाऊक नाही. सगळे होय म्हणत होते. बुधवारी घरी आल्यावर सरांनी मीठ मागितलं, आपण होऊन, मोठ्याने. बायकोने कपाळावर हात लावून बघितला.

"काही म्हण," जेवता जेवता ते म्हणाले, "हा शब्द मी आजवर थोडा चुकीचाच शिकवत आलो. ड्रम अप करण्यात कमीपणा काहीच नाही. उलट ती कला आहे. पाठिंबा लोकांच्या मनात असतोच, त्याला नुसतं हाताला धरून उभं करावं लागतं."

"उभं करणं जमलं तुम्हाला," बायको म्हणाली. "आता बसवू नका म्हणजे झालं. शुक्रवारी ते बोट घरी ठेवून जा."

"बोट माझं आहे. माझ्या ताब्यात आहे."

शेवटची राहिली होती बेकरीवाली मावशी. तिला सरांनी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, कारण ती तर घरचीच. सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. नवरा गेल्यावर बेकरी एकटीने चालवत होती आणि का कोण जाणे, वर्षानुवर्षं न चुकता वर्गाला येत होती. पुढच्या रांगेत बसायची, दुसऱ्या वाक्याला चुकायची, खाली बसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. इंग्रजीत तिची प्रगती म्हणाल तर शून्य. सरांना तिचं कोडं कधी पडलं नाही, कारण सरांना चूक दिसायची, माणूस नाही.

गुरुवारी सर बेकरीत गेले तेव्हा मावशी कोपरापर्यंत पिठात होती. सरांनी चौकशीला तोंड उघडलं, पण तीच म्हणाली, "मला माहितीय सर. मी बोलणार आहे. तुम्ही कशाला आलात पायपीट करत?"

"रीत आहे मावशी. मागावं लागतं."

"माझ्याकडे नाही मागायचं. मी आधीच बसवलंय वाक्य. चार दिवस पीठ मळताना तेच म्हणतेय." ती लाजली, साठीला आलेली बाई शाळेतल्या मुलीसारखी लाजली. "मला खूप वर्षांचं सांगायचंय तुम्हाला. मराठीत सांगायला लाज वाटते. इंग्रजीत कसं, लाज कमी वाटते."

"सांगा की आत्ता," सर म्हणाले, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. शुक्रवारसाठी टाकलेला सदरा इस्त्रीवाल्याकडून आणायचा होता.

"शुक्रवारीच सांगेन," मावशी म्हणाली.

शुक्रवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही तुकड्या, काही जण खिडकीच्या कट्ट्यावर. मालकीणबाई टेबलाशी. एका बाजूला नवे सर पाय पसरून, दुसऱ्या बाजूला आपले सर, इस्त्रीच्या सदऱ्यात, ताठ. बायको खास दवाखान्यातून लवकर सुटून मागे दाराशी येऊन उभी राहिली होती. सरांनी डोळ्यांनीच तिला खोलीतली गर्दी दाखवली. बघ, माझी माणसं.

आधी नव्या सरांची माणसं उठली. काय ते इंग्रजी, सांगायची सोय नाही. "न्यू सर इज व्हेरी कॉमेडी, आय लाफिंग डेली," एक म्हणाला. सरांचं बोट ताडकन वर गेलं. पण तो पोरगा दुपारच्या तुकडीतला, त्याला बोट काय ठाऊक? तो सरांकडे न बघताच हवं तेवढं बोलला, टाळ्या घेतल्या आणि बसला. दुसरी उठली, तिसरा उठला. वाक्यांची हाडं मोडत होती, पण माणसं शेवटाला पोचत होती. प्रत्येकाच्या शेवटी नवे सर "सुपर!" म्हणत. सरांचं बोट वर-खाली, वर-खाली. खोलीत कुणीतरी फिसकन हसलं.

"आता आपल्या सरांकडून कोण?" मालकीणबाई म्हणाल्या.

न्हावी झटकन उठला. सरांचा ऊर भरून आला. न्हाव्याने घसा साफ केला आणि जोरात म्हणाला, "सर टीचिंग मी सिन्स फोर इयर—"

बोट वर.

न्हावी बसला.

 न्हाव्यालाही आपण का बसलो ते कळायला वेळ लागला. सरांनी आपल्या हाताकडे असं बघितलं, जणू दुसऱ्याचाच हात आपल्या अंगाला लागला होता. "सॉरी," ते म्हणाले. "बोला, बोला तुम्ही." पण न्हावी आता खुर्चीला चिकटला होता. बसल्यावर परत उठायचं नाही, हाही त्याच वर्गाचा नियम.

"सर, अहो तुमच्याच बाजूने बोलतोय तो," मालकीणबाई हसू दाबत म्हणाल्या.

"सवय आहे. आता नाही होणार."

सिस्टर उठली. तिने हात एकमेकांत घट्ट धरले होते. "सर इज व्हेरी स्ट्रिक्ट," ती म्हणाली. बरोबर. सरांनी मान डोलावली. "बट सर हॅव गुड—"

बोट वर. सिस्टर बसली. बसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच दिवसांपूर्वी ऐकलेलं कौतुक खोटं पडलं होतं.

दाराशी बायकोने डोळे मिटून घेतले.

बँकेचा शिपाई अर्धवट उठला होता, तो खुर्चीची फळी सारखी करायचं नाटक करून पुन्हा टेकला. कपड्याच्या दुकानातल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पर्सा उघडल्या. वर्षानुवर्षांच्या तालमीने घडलेली माणसं ती, त्यांना बोट दिसत होतं आणि ती उठत नव्हती. सर एकेकाकडे बघत होते. ज्याच्याकडे बघावं तो फळ्याकडे बघे. पाच दिवस जोडे झिजवून जेवढा पाठिंबा उभा केला होता, तेवढा सगळा त्यांच्या डोळ्यांदेखत खुर्च्यांवर बसून होता. आणि पायावर धोंडा पाडून घ्यायला त्यांना एक बोट पुरलं होतं. वर्ग चालला होता, संध्याकाळ चालली होती, आणि सरांना पहिल्यांदाच पोटात गोळा म्हणजे काय ते कळत होतं.

"अजून कोणी?" मालकीणबाईंनी विचारलं.

बेकरीवाली मावशी उठली. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली होती, तरी कानामागे पिठाचा पांढरा डाग राहिलाच होता. सरांनी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर सगळा भार टाकला. हात चेंगरला तरी बेहत्तर. एक मत तर एक मत. आज मावशी शेवटपर्यंत बोलणार.

"माय हाउस इज सायलेंट," मावशी म्हणाली. आवाज कापत होता, पण वाक्य पुरतं होतं. "ऑल पीपल से टू मी, व्हेरी गुड, व्हेरी गुड. नोबडी लिसन्स."

 सर तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं पुढच्या रांगेत बसणाऱ्या या बाईचं घर आहे आणि ते शांत आहे, हे त्यांना आज कळत होतं.  त्यांना खरोखर ऐकायचं होतं. आयुष्यात कुणाचंच वाक्य ऐकायची त्यांना इतकी ओढ लागली नव्हती.

"आय कम हिअर एव्हरी डे," मावशी म्हणाली आणि तिने थेट सरांच्या डोळ्यांत बघितलं, "बिकॉज सर डू नॉट—"

बोट वर गेलं. डावं.

डाव्या हातावर कुणी बसलेलं नव्हतं ना.

मावशी बसली. तक्रार नाही, कुरबूर नाही. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि ती नेहमीसारखी फळ्याकडे बघायला लागली. सर अर्धवट उभे राहिले. "नाही, नाही, मावशी, बोला, मी ऐकतोय," असं काहीतरी पुटपुटले. पण नव्या सरांच्या बाजूने हशा उसळला होता, खुर्च्या सरकत होत्या, आणि मालकीणबाई टेबलावर हात आपटून म्हणत होत्या की झालं, कौल लागला, पुढच्या सोमवारपासून नव्या सरांचाच वर्ग. सरांना त्यांनी हार वगैरे घालू म्हटलं. तेही गोडच बोलल्या.

लोक जिना उतरायला लागले. न्हावी नजर चुकवून गेला. सिस्टर पाया पडून गेली, ते जास्त लागलं. बायको जवळ आली आणि त्यांच्या चुरगळलेल्या उजव्या हाताला फुंकर घालून, "मी खाली थांबते," म्हणाली.

सरांनी मावशीला जिन्याच्या वळणावर गाठलं. रंगाच्या दुकानाचं शटर खाली येत होतं. त्या आवाजात सर म्हणाले, "मावशी, जरा थांबा. 'डू नॉट'च्या पुढे काय होतं?"

"काही नाही हो सर. चुकलंच होतं ते."

"चुकू दे. मी विचारतोय. मी काय करत नाही? तुम्ही वर्गाला का येत होतात?"

मावशीने तोंड उघडलं. मग तिची नजर सवयीने त्यांच्या हातांवर गेली. उजव्यावर, मग डाव्यावर. सरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. तरी तिचं तोंड हळूहळू मिटलं.

"तुमच्यासमोर नाही येत सर," ती अगदी मायेने म्हणाली. "पीठ मळताना सगळं म्हणता येतं, पण इथे ओठांपर्यंत येऊन सांडतंच. दर वेळी अर्ध्या वाक्यावरच खाली बसायचे ना, पुढचं इथे कधी तोंडी रुळलंच नाही." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "सोमवारी नव्या सरांच्या वर्गात म्हणून बघते. ते थांबवत नाहीत म्हणतात. तिथे होईल पुरतं. तुम्हीपण या ना ऐकायला, मागच्या खुर्चीवर बसा."

सरांना काहीतरी बोलायचं होतं. बराच वेळ ते वाक्य जुळवत उभे राहिले. खाली बायकोने त्यांना हाक मारली.

"सात वाजताच असतो ना?" शेवटी त्यांनी विचारलं.